गेमचं मक्तेपत्र

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार. सकाळी सात.
(पाचलाच जागा झालो होतो. दोन तास पडून विचार केला.)

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. नलूला तर नाहीच. बायकोच्या हाती वही लागली की मागच्या पानावर किराण्याची यादी उमटते.

संकल्प : खर्रा बंद. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची रोज दहा पानं. मूर्ख माणसांशी कमी बोलणे.

तिसरा संकल्प पाळला तर बोरी अरबमध्ये मौनच धरावं लागेल.

सध्या आमच्या दारव्हा तालुक्यात एकच उद्योग चालू आहे. जो तो कपाशीचं बोंड फोडतो, आतली गुलाबी अळी बघतो आणि दुसऱ्याला दाखवतो. दुसरा खिशातून आपलं बोंड काढतो. काल बसस्टँडवर सात जणांनी मला अळी दाखवली. हजारो माणसं रोज तेच बघतात आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडत नाही. माझ्या पडला. पानठेल्यावर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मोबाईल गेम. नाव : 'बोंडअळी'. अळ्या येतात, हिरो मारतो. हिरोला मिशी.

म्हणून तर मी शेतीच्या भानगडीत पडलो नाही. 'पंजाबराव कॉम्प्युटर्स' ही बोरीतली एकमेव संस्था आहे जिथे माणूस पुढे बघतो.

खर्रा : एक. विचार करताना तोंडात सुपारी-तंबाखू लागते.

७ नोव्हेंबर

वर्षाला कल्पना सांगितली. वर्षा म्हणजे तांड्यावरच्या रामधन राठोडची मुलगी. यवतमाळला बीसीए केलं, आता माझ्या क्लासमध्ये शिकवते. तिला मी अनुभव देतो. पगार देऊन अनुभवाची किंमत कमी करू नये, असं माझं मत आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मोबाईल काढला. म्हणाली, सर, असं काहीतरी मी दसऱ्यापासून करून राह्यली. स्क्रीनवर कपाशीचं झाड. बोंडाला दोन बोटांनी उघडायचं. चांगलं असेल तर कापूस ओटीत, अळी असेल तर बोंड वेगळं. हिरोच्या जागी एक म्हातारी. हात तिच्या आजीचे, मानीबाईचे. फोटो काढून त्यावरून रेखाटलेत म्हणे.

म्हणजे कल्पना माझीच निघाली. फक्त तिला आधी सुचली.

हिरो म्हातारी! या लोकांना मार्केट कळत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

गेममध्ये फवारणीचा पंप पाहिजे असं सुचवलं. पाठीवर पंप, बटण दाबलं की धूर, शंभर अळ्या खलास, वर म्युझिक. वर्षा नाही म्हणाली. कारण काय, तर सप्टेंबरात फवारताना तिच्या बापाच्या डोळ्यांत औषध गेलं, आठ दिवस त्याला दिसत नव्हतं. दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी परत गेलाच नाही.

मी समजावलं की गेममधल्या पंपाने कोणाच्या डोळ्यांची आग होत नाही. ती म्हणाली, "सर, पंप आला तर मी नाही बनवत." आणि बॅच घ्यायला निघून गेली. माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच बॅचवर, माझ्याकडे पाठ करून.

भावनिक लोकांच्या हाती टेक्नॉलॉजी देऊ नये.

पुस्तक : पान अकरा. पाया पक्का करतो आहे.

१५ नोव्हेंबर

गेममध्ये माझं योगदान ठळक दिसावं म्हणून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ काढली. पेंटमध्ये, माउसने. दोन दिवस लागले. शेंगा वेगळ्या काढल्या. क्लासला सुट्टी दिली, कारण माझ्याखेरीज कोणालाच कॉम्प्युटरची तेवढी गरज नव्हती.

वर्षाने बाभूळ बघितली. जशीच्या तशी गेममध्ये टाकली. बोट लावलं की हलते, ती सोय तिने केली. पण ते किरकोळ काम.

नलू म्हणाली बाभूळ बरी आहे. तिला कलेतलं कळत नाही, तरी नोंद करतो.

२१ नोव्हेंबर

बातमी! पुण्याच्या एका गेम कंपनीने आमचा गेम बघितला. (वर्षाने कुठल्याशा स्पर्धेत टाकला होता. मला विचारून. म्हणजे मी त्या वेळी फोनवर होतो आणि मान हलवली होती.) प्रियंका मॅडम म्हणून कोणी आहेत, त्यांचा फोन आला. गेम प्रकाशित करायची इच्छा आहे. फक्त आधी एक गोष्ट कागदावर पाहिजे : गेमचे हक्क कोणाचे?

मी म्हटलं, यात विचारण्यासारखं काय आहे.

मॅडम म्हणाल्या, तेच कागदावर पाहिजे.

पुण्याचे लोक. दिवस आहे की रात्र तेसुद्धा कागदावर मागतील.

२३ नोव्हेंबर

वर्षाने एका पानाचा कागद टाइप करून आणला. गेम दोघांचा. नाव दोघांचं. पुढे जे काही मिळेल ते निम्मं निम्मं. ती म्हणाली, क्लासचा कॉम्प्युटर वापरला, तुमच्या खोलीत बसून केलं, म्हणून निम्मं.

निम्मं! माझ्या छपराखाली बसून मलाच निम्मं देते. मी हसलो. बराच वेळ हसलो, म्हणजे तिला कळावं.

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. ही माणसं आतल्या गाठीची असतात.

घरी सांगितलं तर नलू म्हणाली, घेऊन टाका निम्मं, पोरगी साधी हाये. हिच्या माहेरी सगळं निम्म्यातच गेलं. मोठा विचार करायची सवय नाही.

२७ नोव्हेंबर

पुण्याहून चौदा पानांचा नमुना करार आला. इंग्रजी इतकं खराब लिहिलंय की मला समजलं नाही. तिसऱ्या पानावर डोकं दुखायला लागलं. यात सापळा आहे हे मी पहिल्या पानावरच ओळखलं. उरलेली अकरा पानं मागच्या कोऱ्या बाजूने बॅचच्या हजेरीसाठी वापरायला काढली.

निर्णय : करार मी करणार. मराठीत, स्टॅम्प पेपरवर, आपल्या पद्धतीचा. वकील नको. वकील म्हणजे शिकलेला दलाल. दारव्हा तहसीलच्या आवारात फकिरा अर्जनवीस बसतो. तीस वर्षांत त्याचा एक कागद परत आलेला नाही.

खर्रा : दोन. (दारव्ह्याचा खर्रा मोजायचा नाही, तो प्रवासातला.)

२९ नोव्हेंबर

फकिराकडे गेलो. गेम म्हणजे काय हे त्याला सांगण्यात वेळ घालवला नाही. एवढंच सांगितलं : मालक मी. काम दुसऱ्याने करायचं, मुदतीपर्यंत. मुदत संपली की वस्तू माझ्या ताब्यात.

फकिरा म्हणाला, मंग हे तर मक्तेपत्र झालं.

माणूस अडाणी, पण शब्द नेमका सापडला. आमच्याकडे वावर मक्त्याने देतात ना, तसंच. वर्षभर कसायचं, ठरलेला मक्ता मालकाला द्यायचा, पाडव्याला वावर मोकळं करून परत. त्याच्याकडे मक्तेपत्राचा मजकूर तयारच असतो. कॉम्प्युटरवर जिथे जिथे 'शेत' होतं तिथे त्याने 'गेम' केलं. दहा मिनिटांत काम. पुण्याला चौदा पानं लागतात, दारव्ह्याला दीड.

मक्ता काय लिहायचा म्हणाला. मी सांगितलं, वर्षाने पाडव्यापर्यंत दोन बॅचेस फुकट शिकवायच्या. एकच सध्या फुकट शिकवते, म्हणजे माझी एक वाढली.

मुदत : १८ मार्च, गुढीपाडवा. त्यानंतर गेम माझा, सही माझी, पुणे माझ्या दारात.

चतुःसीमासुद्धा आहे. पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण. ते काढायचं राहिलं, पण मी म्हटलं राहू दे. चतुःसीमा असलेला हा भारतातला पहिला गेम असेल.

३ डिसेंबर, रविवार. सही झाली.

क्लासमध्येच. वर्षा, साक्षीला तिचा बाप रामधन. रामधन वीस वर्षं लोकांची वावरं मक्त्याने करतो. डोळे अजून लाल दिसतात. त्याने कागद पोरीकडून मोठ्याने वाचून घेतला. मी घड्याळ बघत होतो.

वर्षा वाचून झाल्यावर बापाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, सर, निम्म्याचा कागद अजून पर्समध्ये आहे. मी मान हलवली, नकाराची.

मग रामधन बोलला. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, पुढे विनोद म्हणून सांगायला होतील :

"साहेब, सहावं कलम एकदा पाहून घ्या. पेरा आन् उभं पीक करणाऱ्याचं, असं लिहेल हाये. तुमाले चालते ना?"

मी त्याला शांतपणे समजावलं की ही टेक्नॉलॉजी आहे, इथे पेरा नाही, पीक नाही, बैल नाहीत. ते शब्द फॉर्मचे आहेत. तो म्हणाला, मंग धुऱ्यावरचं झाड तुमचं, सातव्यात हाये. मी म्हटलं, झाड माझं, आणि मालकही मीच. सही कर.

त्याने सही केली. सावकाश, अक्षर अक्षर. वर्षानेही केली.

अशा माणसांसाठी वाईट वाटतं. समोर काय चाललंय ते कळतच नाही त्यांना.

५ डिसेंबर

मक्तेपत्र स्कॅन करून पुण्याला पाठवलं. प्रियंका मॅडमचा तासाभरात फोन. म्हणाल्या, चतुःसीमा वाचून ऑफिसमध्ये सगळे खूश झाले, आणि हक्कांचं आता एकदम क्लिअर आहे, काही शंका नाही.

बघा. म्हणे वकील लावा.

१ जानेवारी २०१८

नवे संकल्प : खर्रा बंद. पुस्तकाची रोज वीस पानं (मागची भरपाई धरून). इंग्रजी सुधारणे. गर्व न करणे.

पान बारा.

पुण्याहून मला महिनाभर फोन नाही. बरोबर आहे. किरकोळ गोष्टींसाठी मालकाला त्रास देत नसतात. वर्षाला मात्र रोज फोन येतो. बिचारीला राबवून घेतात.

१४ जानेवारी. संक्रांत.

पेंटरला बोर्ड सांगितला : 'पंजाब गेम्स. मालक : पंजाबराव'. पानठेल्यावर बातमी दिली. कोणी म्हणालं, गेम कुठाय. म्हटलं, सध्या मक्त्याने दिला आहे. गावात पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघितलं गेलं. एकाने विचारलं, किती एकर? त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

९ फेब्रुवारी

वर्षाने तपासायला दिलेला गेम नलू खेळते. स्वयंपाक करून झाला की भिंतीला टेकून बोंडं उघडत बसते. तेराव्या लेव्हलला आहे. मी चौथ्यावर. माझी बोटं जाड आहेत आणि मी विचार करून खेळतो.

ती म्हणाली, म्हातारीचे हात पाहून तिला तिच्या आईची वेचणी आठवते, बोटांना बोंडाची नखं लागून रक्त यायचं. डोळे पुसले. गेम खेळून रडते! ग्राहक कोणत्या पातळीचा आहे ते कळलं.

मग मक्तेपत्र मागितलं. वाचून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुमी कधी वावर मक्त्यानं देल्लं काय? मी म्हटलं, मला वावरच नाही, ही तर प्रगती आहे. ती म्हणाली, तेच म्हणते मी. आणि परत बोंडं उघडायला लागली.

अर्धवट बोलायची बायकांना सवय.

२ मार्च. धुळवड.

सोळा दिवस उरले. बोर्ड तयार आहे, घरी झाकून ठेवला आहे. गर्व न करण्याचा संकल्प आजपर्यंत पाळला.

पान बारा (उजळणी).

१८ मार्च, रविवार. गुढीपाडवा. सकाळी अकरा.

गुढी उभी केली, बोर्डही लावला. नवा शर्ट. वर्षा आणि रामधन वेळेवर आले. साखरेची गाठी आणली होती, आणि एक पेनड्राइव्ह. शिवाय क्लासची चावी, दोन्ही बॅचेसच्या हजेऱ्या, एकही दिवस चुकलेला नाही.

पाहुणे जमले होते म्हणून पेनड्राइव्ह सगळ्यांसमोर लावला.

दुपारी तीन.

सकाळचं पूर्ण लिहिलं नाही, पाहुणे होते.

गेम उघडला. वरती 'बोंडअळी', खाली 'मालक : पंजाबराव'. टाळ्या झाल्या. मग वावर आलं. तांबूस, स्वच्छ. नांगरटसुद्धा नाही. कपाशी नाही. बोंड नाही, अळी नाही, म्हातारी नाही, लेव्हल नाहीत, स्कोअर नाही. पूर्वेस नाला होता. पश्चिमेस पांदण. धुऱ्यावर माझी बाभूळ.

मी सगळीकडे बोट लावून पाहिलं. बाभूळ हलली.

वर्षा म्हणाली, "सर, कलम नऊप्रमाणं मोकळं करून देल्लं. तुमच्या झाडाले हात नाही लावला."

मी म्हटलं, बाकीचं कुठे आहे. रामधनला प्रश्नच कळला नाही. त्याने शांतपणे सांगितलं की बाकीचं उभं पीक, ते तिचं. वावर परत देताना पीक कोणी ठेवून जाते काय.

जमलेल्या सगळ्यांनी माना डोलवल्या. पानठेल्यावरचा तो 'किती एकर' वालासुद्धा. गावात कायदा कोणालाच येत नाही, पण हे सगळ्यांना येत होतं.

नलूने त्या दोघांना पुरणपोळी वाढली. माझ्या घरात!

१९ मार्च

प्रियंका मॅडमना फोन. फसवणूक झाली म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, बनवलेल्या गोष्टीवर असतो, आणि बनवलेलं सगळं वर्षाचं राहील असं तर तुम्हीच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. कागद नसता तर तुम्ही वाद घातला असता आणि आम्ही माघार घेतली असती. तुमच्या कागदामुळेच काम सोपं झालं.

थँक यू म्हणाल्या. मी वेलकम म्हटलं. सवयीने.

२० मार्च. दारव्हा.

फकिराला धारेवर धरलं. तो म्हणाला, साहेब, या कागदाने तीस वर्षांत कोणाचं नुकसान नाही झालं. सहावं कलम काढलं तर तुमचं वावर कसायले कोण येईन?

मग विचारलं, आवंदा परत करायचं काय मक्तेपत्र?

खर्रा : मोजला नाही.

२ एप्रिल

तिचा गेम बाहेर आला. नाव 'वेचणी'. निर्मिती आणि हक्क : वर्षा रामधन राठोड. हात : मानीबाई. आभाराच्या यादीत 'बोरी अरब येथील कॉम्प्युटर क्लास, खिडकीजवळची खुर्ची'. खुर्चीचं नाव आहे, माझं नाही.

वर्षाला कंपनीत नोकरीही मिळाली. ती सांगायला आली होती. निम्म्याचा कागद पर्समध्ये असेल का, हे विचारायचं मनात आलं. ती म्हणाली सर, येते. मी म्हटलं, अनुभवाचं सर्टिफिकेट पाहिजे का. ती म्हणाली, नको.

वाईट वाटलं. म्हणजे, तिच्यासाठी.

७ एप्रिल

हार मानणारा मी नाही. माझा गेम मी स्वतः प्ले स्टोअरवर टाकला. प्रकाशक : पंजाबराव. हक्क : पंजाबराव. एकही वाटेकरी नाही, हे वर्षाला कधी जमणार नाही.

डाउनलोड : दोन. एक मी. एक नलू, तिने 'वेचणी'ला जागा कमी पडते म्हणून संध्याकाळी काढून टाकला. ती एकतिसाव्या लेव्हलला आहे.

क्लासबाहेर पाटी लावली : 'गेम मक्त्याने देणे आहे.' दोन जण चौकशीला आले. दोघांनीही विहिरीला पाणी आहे का विचारलं.

१६ एप्रिल, सोमवार

नवीन संकल्प नाहीत.

पान तेरा. पान चौदा. यात एक उदाहरण आहे, करून बघितलं. झालं नाही. परत करून बघायचं आहे.

गेमला डाउनलोड तीन. आणि पहिली प्रतिक्रिया आली. चार स्टार. नाव रामधन राठोड. लिहिलंय : 'वावर चांगलं हाये. आजून काही पेरलं नाही. बाभूळ लय बरी काढली, शेंगासुद्धा हायेत.'

रामधनला गेममधलं काय कळतं.

तीनदा वाचली. बाभूळ खरंच मी काढली होती.